कोल्हापुरात घडणारी थ्रिलर लिहायचीय? हिरो माजी पोलीस, आणि धरलाय भलताच माणूस – नवख्यांसाठी

कोल्हापुरात माणसाची ओळख चुकवणं हे मुळातच अवघड काम आहे, हे आधी डोक्यात घ्या. मोठ्या शहरात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतंय हे वर्षभर कळत नाही, इथं टपरीवर चहाचा कप हातात येईपर्यंत "कुठलं पावणं?" झालेलं असतं, त्याच्या मागोमाग "कुणाच्यातलं?", मग पेठ, तालीम, मामाचं गाव, सगळं निघतं आणि शेवटी समोरचा तुमच्या चुलत्याचा वर्गमित्र असतो. त्यामुळं "दोघं सारखे दिसायचे, पोलिसांनी चुकून दुसऱ्यालाच उचललं" एवढ्या भांडवलावर कादंबरी उभी केलीत तर शिवाजी पेठेतला वाचक तिसऱ्या पानावर म्हणणार, अरे पण ह्याला ओळखणारं कुणीच नव्हतं काय अख्ख्या गावात?

म्हणून माझं सांगणं एकच आहे. चूक डोळ्यांची असली तरी ती कागदावर पक्की झाली पाहिजे, आणि हिरो असा पाहिजे की त्याला तो कागद वाचता येतो पण आता त्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही. बाकीच्या पायऱ्या ह्याच्याच भोवती फिरतात.

पायरी १: खून नंतर, घोळ आधी ठरवा

बहुतेक नवीन मंडळी पहिल्या पानावर मुडदा पाडतात आणि मग विचार करत बसतात की चुकीचा माणूस कसा अडकवायचा. उलटं करा. आधी ठरवा की चूक कुठल्या जागी झाली.

जुळे भाऊ वापरू नका. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखा येतो पण बोटांचे ठसे वेगळेच असतात, म्हणजे पहिला ठसा जुळवला की तुमची गोष्ट संपली.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात खरा वाटणारा घोळ म्हणजे पकड वॉरंट. कोर्टाच्या तारखांना गैरहजर राहिलेल्या आरोपीवर अजामीनपात्र वॉरंट निघतं, ते पोलीस ठाण्यात येतं, आणि बजावायला शिपाई गावात जातो. कागदावर काय असतं? नाव, बापाचं नाव, आडनाव, रा. अमुक गाव, वय अंदाजे ३०, धंदा शेती. आता करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातलं कुठलंही पाटलांचं गाव घ्या, नाव, बापाचं नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारी दोन माणसं एका गावात सापडणं काही नवलाचं नाही, आणि "वय अंदाजे ३०" हे लिहिलं तेव्हाचं, त्याला किती वर्षं झाली हे बघायला वॉरंटवाला शिपाई थांबत नाही. गावात त्या दोघांना लोक वाड्यावरचा आणि मळ्यातला असं ओळखतात, पण वाडा आणि मळा वॉरंटवर नसतो. माणूस ओरडून सांगतोय मी तो नव्हे, आधार कार्ड दाखवतोय, तर आधारवर तेच नाव! म्हणजे पुरावा त्याच्याच विरोधात गेला. असं काहीतरी पाहिजे.

दुसरी जागा गर्दीची. वाडी रत्नागिरीवर जोतिबाची चैत्र यात्रा, सासनकाठ्या नाचतायत, "चांगभलं"चा गजर, आणि डोंगर, देऊळ, माणसं, कुत्री सगळी गुलालात माखलेली. तिथं साक्षीदाराला चेहरा दिसतच नाही, उंची दिसते, चाल दिसते, आवाज ऐकू येतो. साक्षीदार प्रामाणिक ठेवा बरं का. खोटं बोलणारा साक्षीदार लिहायला सोपा आहे. ज्याला मनापासून वाटतंय की हाच तो माणूस, तो लिहायला अवघड आणि वाचायला जास्त भीतीदायक.

तिसरी जागा महापुराच्या पाण्याची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथल्या कुणाला सांगावा लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की कोल्हापूर बेट होतं. पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा पुढं कर्नाटकात जाते, म्हणजे माणूस पडला एका ठाण्याच्या हद्दीत आणि सापडला तिसऱ्याच तालुक्यात. पाण्यात राहिलेल्या देहाचा चेहरा ओळखू येत नाही, नातेवाईक शर्टावरून, करदोट्यावरून, खिशातल्या फुगलेल्या पाकिटावरून ओळख पटवतात, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोलिसांच्या बोलण्यात "एडी दाखल केली", मरणोत्तर पंचनामा, पोस्टमॉर्टेम, अंत्यसंस्कार, झालं. पाकीट दुसऱ्याचं होतं हे कळायला नंतर तुमचा हिरो लागतो.

आणि कुणाला वाटत असेल की आपल्या माणसाला ओळखण्यात कोण चुकेल, तर पानिपत आठवा. १७६१ नंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, भाऊंना बघितलेली माणसं हयात होती, तरी त्या तोतयाच्या मागं कोकणात फौज गोळा झाली आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा देईपर्यंत पुणे दरबाराची झोप उडाली होती. लोकांना भाऊ परत यायला हवे होते. तुमच्या साक्षीदारालाही असंच काहीतरी हवं असू द्या.

पायरी २: माजी म्हणजे नक्की कसा माजी?

इथं फार लोक घसरतात. "निलंबित पोलीस" हा माजी नव्हे, तो नोकरीतच असतो, निर्वाह भत्ता घेतो, चौकशीच्या तारखांना हजर राहतो. बडतर्फ वेगळा, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला वेगळा, राजीनामा देऊन हॉटेल टाकलेला वेगळा, आणि ५८ पूर्ण करून सत्कार, नारळ, शाल घेऊन घरी आलेला वेगळा. चौघांच्या मनात खात्याबद्दल चार वेगळ्या गोष्टी असतात आणि ठाण्यात चौघांचं स्वागतही वेगळं होतं. एक निवडा आणि त्यावरच ठाम राहा.

माझी निवड विचाराल तर रिटायर हवालदार. पीआय, डीवायएसपी असले रुबाबदार हिरो सगळेच लिहितात, पण बीट कुणी फिरलेलं असतं? हवालदारानं. कुठल्या गल्लीत कुणाची दुसरी चूल आहे, कोण तडीपार असून रात्री आईला भेटायला येतो, कुठल्या तालमीत कोण कुणाशी बोलत नाही, हे साहेबाच्या बदलीबरोबर जातं आणि हवालदाराकडं राहतं. त्यात तो साहेबाचा रायटर, म्हणजे साहेबाचे कागद लिहिणारा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण निम्मे पंचनामे त्याच्याच अक्षरातले.

आता त्याच्याकडून काय काय गेलं त्याची यादी करा, खरोखर वहीत लिहून काढा. ओळखपत्र जमा. सरकारी सिमकार्ड जमा. पोलीस लाईनीतली खोली सोडली. सीसीटीएनएसचं, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या नोंदींचं लॉगिन बंद, म्हणजे कुणाचा जुना रेकॉर्ड बघायचा तर दुसऱ्याला विनवण्या. कॉल डिटेल्स तर नोकरीत असतानाही त्याला स्वतःला मागवता येत नव्हते, ते एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मान्यतेनंच कंपनीकडून येतात, त्यामुळं "त्यानं जुन्या मित्राला फोन केला आणि पाच मिनिटांत सीडीआर व्हॉट्सअ‍ॅपवर आला" असलं लिहू नका, आणि लिहायचंच असेल तर देणाऱ्याची नोकरी त्यात पणाला लागलीय हे दिसू द्या. कपाटात रिव्हॉल्व्हर तर अजिबात नको. सरकारी हत्यार सरकारला परत जातं, स्वतःचं पाहिजे तर जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना काढावा लागतो.

उरलं काय? माणसं. कोर्टातला शिरस्तेदार, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या शवागारातला कर्मचारी, गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला सोन्याची मोड घेणारा, दोन-चार म्हातारे झालेले खबरे. आणि सवयी. दारात उभं राहताना पाठ भिंतीकडं करणं, रस्त्यावरच्या गाडीचा नंबर उगीच वाचणं, कुणी साहेब दिसला की हात आपोआप वर जाणं.

बोलण्यातला दर्जा सांभाळा. तरुण पीएसआय हुद्द्यानं मोठा, पण वयानं मुलासारखा. तो ह्याला आबा म्हणेल, हा त्याला साहेब म्हणेल, आणि त्या दोन शब्दांत सगळा ताण येतो. नमुना म्हणून:

"जय हिंद साहेब."
"या आबा, बसा की. चहा सांगू?"
"चहा नको. त्या पोराचा डावा कान मोडलाय. फिर्यादीत उजवा लिवलाय."
"तुम्ही फिर्याद कुठनं वाचलीसा?"
"नातवानं मोबाईलवर काढून दिली. तुमच्याच खात्याच्या साईटवर हाय नव्हं."
पीएसआयनं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "आबा, साक्षीदार घाबरलेला होता. डावं-उजवं होतंय."
"व्हय. होतंय. तेच म्हणतोय मी."

बघा, एफआयआर ऑनलाईन मिळतो ही सोय आता खरी आहे, काही नाजूक गुन्हे सोडून, आणि माजी पोलिसासाठी हे फार कामाचं दार आहे. चोरीछुपे काही करायला लागत नाही.

एक बारीक गोष्ट, कोल्हापूरला पोलीस आयुक्त नाहीत, एसपी आहेत, आणि मोठ्या गुन्ह्यात धावते ती एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. "कमिशनर साहेबांनी आदेश दिला" असं लिहिलंत की इथला वाचक हसणारच.

पायरी ३: ओळख परेड, ह्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

ओळखीच्या घोळाच्या गोष्टीत हा प्रसंग गाळायचा म्हणजे लग्नात जेवणच नाही. तरी बहुतेक जण टीव्हीवर बघितलेली काच आणि काचेमागं उभी रांग लिहितात. आपल्याकडं असं नसतं.

आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला, पोलिसांच्या भाषेत एमसीआर झाला, की परेड सहसा जेलमध्ये होते, म्हणजे आपल्याकडं कळंब्याला. घेणारा पोलीस नसतो, कार्यकारी दंडाधिकारी असतो, म्हणजे बरेचदा नायब तहसीलदार, दोन पंच बरोबर. तपास करणारे पोलीस बाहेर. एका आरोपीसाठी किमान सहा डमी, म्हणजे रांगेत त्याच्याबरोबर उभी करायची दुसरी माणसं लागतात, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि ते वयानं, बांध्यानं, पेहरावानं आरोपीशी मिळतेजुळते पाहिजेत. आरोपीला विचारतात, कपडे बदलायचेत का, रांगेत कुठं उभं राहायचंय ते तूच ठरव. मग साक्षीदाराला दुसऱ्या खोलीतून आणतात, तो रांगेसमोरून चालतो आणि ज्याला ओळखलं त्याला हात लावून दाखवतो. सगळं कागदावर येतं, वेळेसकट. साहेबाच्या पाण्याच्या ग्लासचासुद्धा आवाज येईल इतकी शांतता असते, आणि हात लागतो तेव्हा ज्याला लागला त्याचा खांदा कसा आक्रसतो हे लिहा, तिथं विशेषणं लागणार नाहीत.

आता कोल्हापुरी गाठ मारू. साक्षीदारानं रात्री बघितलं काय? जाड मान आणि मोडलेला कान. पैलवानाचा कान. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, कुठल्याही तालमीत सकाळी डोकावलात तर निम्म्या पोरांचं वर्णन हेच. दंडाधिकाऱ्यापुढं पेच असा की आरोपीच्या अंगावर उठून दिसणारी खूण असेल तर ती झाकायची, आणि झाकायची तर रांगेतल्या सगळ्यांचीच झाकायची, म्हणजे सातही जणांच्या कानाला मफलर. पण मग साक्षीदार ओळखणार कशावरून, त्यानं तर कानच बघितला होता! आणि झाकायचं नसेल तर सहा मोडक्या कानांचे डमी आणा कुठून तरी, म्हणजे तालमीतून पोरं बोलवा, ती सगळी आरोपीला ओळखणारी, त्यातला एखादा हसला, एखाद्यानं मान वळवून बघितलं की परेड संपली. ह्या एका पेचावर तुमची तीन प्रकरणं निघतात आणि बंदुकीची गोळी एकही लागत नाही.

परेडची किंमत किती हेही माहीत पाहिजे. परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे, खरी ओळख साक्षीदारानं कोर्टात आरोपीकडं बघून पटवायची असते, परेड तिला आधार देते. आणि परेडच्या आधी साक्षीदारानं आरोपीचा फोटो बघितलेला असेल तर बचावाचा वकील तिचा भुगा करतो. कोर्टात नेताना आरोपीच्या तोंडावर बुरखा का असतो, तर ह्यासाठी. मग विचार करा, अटक झाल्या रात्रीच गल्लीच्या ग्रुपवर "हाच तो" म्हणून फोटो फिरला, साक्षीदार त्याच ग्रुपमध्ये. दुसऱ्या आठवड्यात परेडमध्ये त्यानं बरोबर त्याच माणसाला हात लावला. त्यानं खुनाच्या रात्रीचा चेहरा ओळखला का मोबाईलमधला? त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. फोटो कुणी टाकला हे शोधणं एवढंच हिरोचं काम ठेवलंत तरी कादंबरी पुरते.

पायरी ४: कलमं आणि घड्याळ

गोष्ट कुठल्या तारखेला घडते ते आत्ताच ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीचा खून असेल तर कलम ३०२, नंतरचा असेल तर १०३. म्हणजे २०१९ च्या पुरातला गुन्हा आज उघडकीला आला तरी ३०२ च. पण आबा मरेपर्यंत तीनशे दोनच म्हणणार आणि नवीन भरतीचा पोरगा एकशे तीन म्हणणार, हे संवादात फुकट मिळतंय, घ्या.

अटक केल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. हे तुमचं पहिलं घड्याळ. दुसरं घड्याळ चार्जशीटचं, गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणं ६० किंवा ९० दिवस, तेवढ्यात दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. खुनाला ९०. ही दोन पुरेत.

जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला. हायकोर्टाचं मात्र जपून लिहा, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालंय. त्याआधीची गोष्ट असेल तर जामिनासाठी वकील रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाणार, त्या रात्रीच्या प्रवासात काहीही घडवता येतं. नंतरची असेल तर तो रस्ता ओलांडून जाणार, आणि मुंबईच्या प्रवासाचं तुमचं प्रकरण गेलं.

पायरी ५: सुटकेचे दुवे पेरा

दुवा असा पाहिजे की बाहेरचा अधिकारी आणि आबा दोघं एकच गोष्ट बघतायत पण कळतं आबाला.

दुकानातला सीसीटीव्ही घ्या. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं घड्याळ बरेचदा वीस-पंचवीस मिनिटं पुढंमागं असतं, लाईट गेल्यावर कुणी लावत नाही. आरोपी ९:४० ला गंगावेशीत दिसतोय, खून ९:५० चा. पण मागं दूध कट्ट्यावर म्हशीची धार चाललीय आणि त्या म्हशी किती वाजता परत जातात हे आबाला माहीत आहे, म्हणजे घड्याळ चुकलंय हे त्यालाच कळतं. मोबाईल टॉवरचं पण तसंच, टॉवर पट्टा सांगतो, घर नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता दुवा, जो कोल्हापूर सोडून फारसा कुठं चालणार नाही. मयताच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून मेसेज, "मी पोचलो, मागच्या दारानं येतो." बाहेरून बदलून आलेला अधिकारी पुरुष शोधतोय. शोधू दे की! आपल्याकडं बायका-पोरी सर्रास "मी आलो, मी जेवलो" बोलतात, लिहितातही तसंच. आबाच्या बायकोनं स्वयंपाकघरातनं "मी देवळात जाऊन येतो" असं ओरडून सांगितलं आणि आबाच्या हातातला पेपर खाली आला. एवढंच लिहा. समजावून सांगू नका, वाचकाला उमगू द्या, निदान पुढच्या प्रकरणापर्यंत.

पायरी ६: पहिला खर्डा

चुकीचा माणूस धरलाय हे वाचकाला लवकर कळू द्या, पहिल्या एक तृतीयांश भागातच. शेवटी धक्का द्यायला राखून ठेवाल तर मधली दोनशे पानं वाचक कुणाची काळजी करणार? तो निर्दोष आहे हे वाचकाला माहीत आहे, आबाला माहीत आहे आणि कागद मात्र उलटं बोलतोय, ह्यात खरी घुसमट आहे.

आबाचा स्वतःचा हात त्यात अडकवा. अमुक माणूस सराईत गुन्हेगार आहे असं ज्या जुन्या पंचनाम्यावरून ठरतंय, तो पंचनामा पंधरा वर्षांपूर्वी साहेबाच्या सांगण्यावरून आबानंच लिहिला होता, ठरलेले पंच, ठरलेली वाक्यं, "समक्ष वाचून दाखवला, बरोबर आहे" आणि खाली सह्या. आता पोराला सोडवायचं तर कोर्टात उभं राहून म्हणावं लागणार की ते अक्षर माझं आहे आणि त्यातलं अर्धं घडलंच नव्हतं. पेन्शन, अब्रू, जुने दोस्त, सगळं पणाला.

कोल्हापूर दाखवायची हौस आवरा. प्रत्येक प्रकरणात तांबडा-पांढरा, रंकाळ्यावर सूर्यास्त, "नाद खुळा" असं चालू केलंत तर ती टुरिझमची जाहिरात होते. जागा तेव्हाच आणा जेव्हा तिथं काहीतरी अडतंय, म्हणजे महाद्वार रोडवर विसर्जनाची मिरवणूक आहे म्हणून गाडी निघत नाही, पूर आलाय म्हणून साक्षीदार चिखलीत अडकलाय.

खऱ्या ठाण्याचं नाव वापरलंत तर अधिकारी काल्पनिक ठेवा, आणि गावात गाजलेली खरी केस नावं बदलून उचलू नका, इथं लोक दोन ओळींत ओळखतात आणि मयताच्या घरचे अजून त्याच गल्लीत राहत असतात.

खर्डा झाला की एखाद्या रिटायर पोलिसाला वाचायला द्या. "कशी वाटली" विचारू नका, तो सभ्यपणानं छान म्हणेल. शेजारी बसा आणि तो कुठल्या कुठल्या पानावर हसतोय ते बघून पेन्सिलनं खूण करत जा. ती पानं आधी दुरुस्त करायची.